विळ्याच्या पिक्चरचं शेवटचं रीळ

आधी कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिता येईल. विळ्याच्या पिक्चरचं नववं रीळ मी हरवलं. हे आजवर मी कोणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोला नाही, टाकीजच्या शेठजींना नाही. आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, त्या शब्बीरभाईंना तर पस्तीस वर्षांत नाहीच नाही.

शब्बीरभाई कोण, ते सांगतो. घाटंजीच्या बाजारात बी-बियाण्याच्या दुकानांची ओळ संपते तिथं मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करायचं एक अरुंद दुकान आहे. तुम्ही मिक्सर घेऊन गेलात की आतले गृहस्थ मिक्सरकडे बघत नाहीत. चष्मा कपाळावर चढवतात, तुम्हाला डोक्यापासून चपलेपर्यंत न्याहाळतात आणि डॉक्टरनं रिपोर्ट सांगावा तसं सांगतात, "तुमी चवथ्या रिळात जाता."

नवा माणूस गोंधळतो. मागे एक ग्रामसेवक बदलून आले होते, बिचारे इस्त्री घेऊन गेले. "कुठं जातो मी?" म्हणाले.

"जाता म्हंजे मरता. पन टेन्शन नका घेऊ. चवथं रीळ चांगलं असते, इंटरवलच्या तोंडावर. लोकाईच्या ध्यानात राहता."

ग्रामसेवकांनी इस्त्री तिथंच सोडली आणि दोन दिवसांनी शिपायाला पाठवून परत नेली. शिपायाला शब्बीरभाईंनी पहिल्याच रिळात मारलं.

गावातल्या बहुतेकांना आपलं आपलं रीळ ठाऊक आहे. लग्नाच्या पंगतीत बसले तरी शब्बीरभाईंचा हिशेब चालू असतो. नवरदेव दुसऱ्या रिळात, वरमाय पाचव्यात, आचारी वाचतो. "आचारी नेहमी वाचते. त्याच्या हातात झारा असते ना बे!"

त्यांचे काही नियम आहेत. दाराकडे पाठ करून बसायचं नाही. दोघं असाल तर वेगवेगळं व्हायचं नाही, म्हणून दुकानातून चहा आणायला ते कायम दोन माणसं पाठवतात, एक किटलीला आणि एक सोबतीला. आणि दारावर थाप पडली तर "कोन हाय?" असं विचारायचं नाही. "कोन हाय म्हनून इचारलं, का तो मेलाच समज." मग शब्बीरभाई काय करतात? घरात बसून मोठ्यांदा ओरडतात, "घरात कोनी नाई!" पोस्टमन आता सरावला आहे. तो बाहेरून म्हणतो, "मंग कोनी नाई त्याले सांगा, रजिस्टर आलं हाय."

हे सगळं एका पिक्चरमुळे.

मी तेव्हा विशीत होतो. बाजाराजवळच्या टाकीजमध्ये तिकिटाच्या खिडकीवर बसायचो. ही नोकरी मला शब्बीरभाईंनी लावून दिली होती. ते तिथं वर मशीन चालवणारे ऑपरेटर. शेठजी म्हणाले होते, "पोरगा बोलत नाही, गिऱ्हाईक कसं सांभाळणार?" त्यावर शब्बीरभाई म्हणाले, "खिडकीवर बोलनारा मानूस कायले पायजे? बोलाले मी हावो ना वर." हे वाक्य मला अजून छळतं.

आमच्या टाकीजला पिक्चर यायचे ते सगळीकडून फिरून, झिजून. हा तर विलायती होता, दहा वर्षं जुना. सुरुवातीचा तुकडा इतका तुटलेला, की नाव वाचताच यायचं नाही. कॉलेजची पोरंपोरी सुटीत एका फळबागेत तोडणीच्या कामाला येतात, आणि तोंडावर मधमाश्या काढणाऱ्याची जाळी घातलेला कोणीतरी त्यांना एकेक करून विळ्यानं कापतो. बस, एवढीच गोष्ट. गावानं त्याला नाव दिलं, विळ्याचा पिक्चर.

इंग्रजी कोणाला कळणार? शब्बीरभाईंनी मशीनच्या खोलीतला माइक ओढला आणि चालू पिक्चरवर बोलायला सुरुवात केली. "हे सुमन. नागपूरले शिकते. बापाले न सांगता आली हाय. हा पिंट्या. अभ्यास नाई, काही नाई. याच्यावर जीव लावू नका, दुसऱ्या रिळात जाते." आणि पिंट्या दुसऱ्या रिळात गेला, की लोक ऑपरेटरच्या खिडकीकडे वळून टाळ्या वाजवायचे. जणू शब्बीरभाईंनीच कापला.

प्रेक्षकही तयारीचे होते. बाजाराच्या दिवशी बाराचा खेळ असायचा, त्याला आसपासच्या गावांतून कापूस वेचणाऱ्या बाया यायच्या. त्यांना खुनाचं काही वाटत नव्हतं, विळ्याचं वाटत होतं. "अवं माय, विळा असा धरते का कोनी? सोताचंच बोट कापून घेईन मेला." मग एक पुरुषी आवाज यायचा, "एवढे मजूर मेले, मुकादम कोठी हाय?" त्यावर वरून माइक: "मुकादम अमरावतीले गेला हाय. पाचव्या रिळात येते." पाचव्या रिळात एक जाडा माणूस खरंच आला. त्याचं नाव तिथंच मुकादम पडलं. तो मेला तेव्हा टाकीजमध्ये शिट्ट्या वाजल्या, तशा कुठल्या हिरोच्या एन्ट्रीलाही वाजल्या नसतील.

आता माझ्या पापाकडे येतो.

पिक्चर आमच्याकडे यायच्या आधी कळंबला लागला होता. पेटी आणायला शेठजींनी मला पाठवलं. नऊ रिळं, नऊ गोल डबे. पत्र्याच्या पेटीचं झाकण चेपलं होतं, आठ डबे बसले, नववा काही केल्या बसेना. तो मी काखेत धरला. कळंबला चिंतामणीच्या पायऱ्या उतरून दर्शन घेतलं तेव्हाही तो काखेतच होता. यवतमाळला गाडी बदलली. घाटंजीच्या गाडीत माझ्या शेजारी एक काकू येऊन बसल्या, आणि त्यांच्या मांडीवर अगदी तसाच डबा.

यात नवल काही नव्हतं. आमच्याकडे टाकीजचे जुने डबे घरोघर होते. पापड, कुरडया, वड्या ठेवायला त्याहून चांगली वस्तू नाही, मुंगी शिरत नाही. काकू पुतणीच्या लग्नाला कुरडया घेऊन निघाल्या होत्या. त्यांनी मला सगळं सांगितलं. नवरदेव काय करतो, आहेरात काय येणार, गावाचं नाव काय, कोणत्या फाट्यावर उतरायचं. कंडक्टरनं दोन्ही डबे उचलून वरच्या फळीवर एकावर एक ठेवले. मला झोप लागली. फाट्यावर काकू घाईघाईनं उतरल्या, वरचा डबा घेऊन.

घाटंजीला उतरलो तेव्हा डबा हलका लागला. टाकीजच्या मागे जाऊन झाकण उघडलं. आत कुरडया. रिळासारख्याच गोल, एकावर एक रचलेल्या.

फाटा काही सात-आठ कोस लांब नव्हता, जवळच होता. गावाचं नाव मला माहीत होतं, लग्न दोन दिवसांवर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरली असती तर दुपारी रीळ परत आलं असतं. पण त्यासाठी शेठजींकडे सुट्टी मागावी लागली असती, आणि कशाला ते सांगावं लागलं असतं. मी शब्बीरभाईंना म्हणालो, "पेटीत आठच आली."

त्यांनी पेटी उलटी करून पाहिली. मग म्हणाले, "शेठले आता नको सांगू. उद्या बाजार हाय, खेळ पडन. मी पाहातो."

कुरडया मी घरी नेल्या. आईला म्हणालो, टाकीजच्या शेठाणीनं दिल्या. आईनं तळल्या आणि जेवणाच्या डब्यात घालून चार मला दिल्या, शब्बीरभाईंसाठी. त्यांनी मशीनच्या खोलीत उभ्या उभ्या खाल्ल्या आणि म्हणाले, "कोनाच्या हातच्या हायेत बे? लय हलक्या!" पुरावा असा त्यांच्याच पोटात गेला.

लग्नघरी तो दुसरा डबा उघडला तेव्हा काय झालं असेल, याचा मी बरेचदा विचार करतो. कढईत तेल तापलंय, वऱ्हाडी ताटावर बसलेत, काकूंनी झाकण काढलं, आणि आत अकरा मिनिटांचे मुडदे.

दुसऱ्या दिवशी बाराच्या खेळाला टाकीज खचाखच भरलं. आठव्या रिळाच्या शेवटी सुमन फळांच्या खोक्यांच्या गोदामात एकटी सापडते. समोर तो जाळीवाला. तो एक हात जाळीकडे नेतो, जाळी उचलणार, आणि पडदा पांढरा. पाय आपटले गेले, शिट्ट्या झाल्या, कोणीतरी खुर्ची उचलली. मी तिकिटाची खिडकी आतून लावून घेतली.

वरून माइक खरखरला. "खुनी कोन हाय, ते मले मालूम हाय!"

टाकीज चूप.

"खुनी हाय... मुकादम!"

"तो तं मेला ना बे!"

"मेला नवता! नाटक करून राह्यलता!"

छत उडालं. पुढच्या खेळाला खुनी सुमनचा बाप निघाला, पोरगी न सांगता आली म्हणून. त्याच्या पुढच्याला पोस्टमन. आज कोण निघतं हे बघायला लोक परत परत येऊ लागले. खिडकीतून माझ्याकडे चिठ्ठ्या यायला लागल्या: "आज खुनी आमच्या सासऱ्याले करा." शब्बीरभाई चिठ्ठी वाचून दाखवायचे, फक्त नाव गाळायचे. पण गावाला कळायचंच. पिक्चर सात आठवडे चालला. माझी मुलगी पल्लवी पुण्याला असते, तिला अशा जुन्या रक्ताळ पिक्चरांचा भारी नाद. ती सांगते, हा पिक्चर त्याच्या स्वतःच्या देशातही आठवडाभरात उतरला, आणि आता त्याला कोणी ओळखत नाही. म्हणजे जगात तो सगळ्यात जास्त दिवस घाटंजीत चालला असावा.

मग पेटी परत गेली आणि अमरावतीहून वितरकाचा माणूस आला. रीळ एक कमी. शेठजींनी दोघांना बोलावलं. मला विचारलं, "पेटीत किती डबे होते?"

मी म्हणालो, "मी मोजले नाहीत. पेटीला कुलूप होतं. शब्बीरभाईंनी उतरवून घेतली."

पेटीला कुलूप नव्हतं. शब्बीरभाईंना ते दिसलं होतं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मग शेठजींना म्हणाले, "असन. माहीच मोजनी चुकली असन." नंतर मला म्हणाले, "पेटी तिकडूनच कमी आली असन, तुहा काय दोष? नवी नोकरी हाय तुही." त्यांना वाटलं, मी फक्त घाबरलोय.

शेठजींनी त्यांना काढलं. गावात उठलं, शब्बीरनं रीळ विकलं. तेव्हापासून त्यांना नाव पडलं, रीळचोर. अजून बाजारात कोणी ना कोणी हाक मारतं, "काय रीळचोर, पंखा झाला का?" ते म्हणतात, "झाला. फक्त शेवटचं पातं नाई भेटलं." सगळे हसतात. मीही हसतो. तिथं उभा राहून पस्तीस वर्षं मीही हसलोय. टाकीज बंद पडल्यावर मी शाळेत लिपिक झालो, मिक्सर मात्र त्यांच्याकडेच नेत राहिलो. घरच्या मिक्सरला काही होत नव्हतं तरी नेत राहिलो.

माझं रीळ कोणतं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. एकदा मीच विचारलं. खूप वेळ बघितलं माझ्याकडे. "तू शेवटलोक राहतं, दिलीप. पिक्चरमधे न बोलनारा मानूस दोनच जागी असते. एक तं तो वाचते, नाई तं तोच खुनी असते."

मग मोठ्यानं हसले आणि स्क्रू-ड्रायव्हर मागितला. मी पक्कड दिली.

गेल्या महिन्यात पल्लवीनं तो पिक्चर शोधून काढला. मी कधीतरी तिला जाळी आणि विळा एवढं सांगितलं होतं. तिनं माझ्या फोनवर पाठवला, अख्खा, नऊच्या नऊ रिळांइतका. दुपारी शाळेच्या रेकॉर्डरूममध्ये कडी लावून मी शेवटची अकरा मिनिटं पाहिली. खुनी कोण ते मला आता माहीत आहे.

वाटलं, चला. ज्याचं हरवलं त्याला परत देतो, आणि देताना सांगून टाकतो. वाक्य पाठ केलं. बाजाराच्या दिवशी बाराच्या सुमाराला दुकानात गेलो.

"शब्बीरभाई, एक चीज आणली."

"मिक्सर?"

"नाही. पिक्चर."

फोन त्यांनी काउंटरवर पाण्याच्या तांब्याला टेकवला. पहिलं चित्र आलं आणि त्यांनी तोंडातली सुपारी थुंकली. मग उठले, दुकानातला दुरुस्तीला आलेला एक माइक उचलला, वायर लावलेली नव्हती तरी तोंडाशी धरला. "हे सुमन. नागपूरले शिकते. बापाले न सांगता आली हाय." पस्तीस वर्षांनी एकही नाव चुकलं नाही. रस्त्यावरची माणसं थांबली. मिक्सर घ्यायला आलेली एक बाई मिक्सर मांडीवर घेऊन स्टुलावर बसली. चहावाला आला, आणि नियमाप्रमाणे सोबत एक माणूस घेऊन आला. पिंट्या गेला, टाळ्या पडल्या. मुकादम गेला, कोणीतरी शिट्टी मारली. "विळा उलटा धरला हाय ना वं!" ती बाई म्हणाली, आणि शब्बीरभाईंचे डोळे असे चमकले, की मला वाटलं टाकीज उघडलं.

आठवं रीळ संपत आलं. गोदाम, खोकी, सुमन. हात जाळीकडे गेला.

शब्बीरभाईंनी अंगठा ठेवला आणि पिक्चर थांबवला.

"अरे, चालू करा ना!" लोक म्हणाले.

"लाइन गेली," शब्बीरभाई म्हणाले. "जा घरी. खुनी ते मिक्सरवाली बाई हाय." बाई लाजली, हसली, लोक हसत पांगले. आम्ही दोघं उरलो. ते दाराकडे तोंड करून बसले, नेहमीसारखे.

"पुढचं आहे यात," मी म्हणालो. "शेवटपर्यंत आहे."

"दिसलं मले." त्यांनी फोन पालथा घातला. "तुले भाभी आठोते का, नजमा?"

न आठवायला काय झालं. शब्बीरभाईंची बायको, दोन वर्षं झाली त्यांना जाऊन. टाकीजमध्ये बायांच्या बाजूला पहिल्या ओळीत बसायच्या, पिक्चर सुरू झाला की पदर तोंडात.

"पहिल्या खेळाले आली होती ते. घरी आल्यावर जेवाले वाढून राह्यली, अन् इचारते, 'सच बोलो जी, कौन था वो?' म्या म्हनलं, पोस्टमन. दुसऱ्या दिवशी पुन्हा, 'आज कौन?' म्या म्हनलं, तुहा भाऊ. तिनं वाटी फेकून मारली." ते हसले. "मंग रोजचंच झालं. नोकरी गेली त्या दिवशी घरात कोनी काही बोलेना. ताट वाढलं, अन् तिनंच इचारलं, 'आज कौन?' म्या म्हनलं, शेठ. लय हसली. त्या दिवशी म्या जेवलो ते त्याच्यानंच. तीस-बत्तीस वर्षं, दिलीप. वायरमन झाला, मौलाना झाले, तिची फुफी झाली, तू पन झालता दोनदा."

मी स्टूल जवळ ओढलं.

"दवाखान्यात होती तवा मले काही सुचत नवतं. ताट तसंच. तं हात धरून म्हनते, 'आज मैं बताऊँ? मैंच थी.' म्या म्हनलं, काहून मारलं गं एवढ्या पोराईले? म्हनते, 'तुम बोलते रहो, इस वास्ते.'" चष्मा त्यांनी कपाळावरून खाली घेतला, पुसला, पुन्हा चढवला. "तेच पक्कं केलं मंग. त्याच्यानंतर कोनाले खुनी नाई केलं म्या घरी. आता याच्यात दुसराच कोनी निघाला, तं काय करू मी?"

बाहेर बाजार भरला होता. तराजूवाले ओरडत होते.

"लोक मले चोर म्हनतात ते म्हनोत," ते म्हणाले. "पन ज्या कोनं ते रीळ हरवलं ना, अमरावतीचा असो का कळंबचा, त्याचं भलं होवो. ते आलं असतं, तं पिक्चर एका खेळात संपला असता."

वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. पाठ केलेलं होतं. पण अशा माणसासमोर, अशा वेळी, त्या आशीर्वादाचा हकदार मीच म्हणून पुढं व्हायचं? आणि नाही व्हायचं, तर चोर कोण?

"काय म्हनत होता?" शब्बीरभाई म्हणाले.

"काही नाही. निघतो."

"एकटा नको जाऊ," ते म्हणाले, आणि चहावाल्याला हाक मारून माझ्या सोबतीला चौकापर्यंत पाठवलं.

तो कुरडयांचा डबा अजून माझ्याकडे आहे. त्यात मी बटणं ठेवतो.

शेवटचं रीळ त्यांना आता नको आहे, म्हणून त्या अकरा मिनिटांचं देणं मी सोडून देतो. दुसरं सुटत नाही. बाजाराच्या दिवशी, भर बारा वाजता, त्यांच्या दुकानासमोर उभं राहून, रीळचोर म्हणणाऱ्या सगळ्यांना ऐकू जाईल असं एक वाक्य मी शब्बीरभाईंचं देणं लागतो: ते रीळ मी हरवलं, आणि खोटंही मीच बोललो.